दोन शून्यांचा धनी : शंकर लक्ष्मण

हॉकीच्या सामन्याचा निकाल छापताना गोल कोणी केला हे लिहिले जाते. गोल कोणी होऊ दिला नाही हे लिहिण्याची पद्धत नाही. एखादा संघ एक विरुद्ध शून्य असा जिंकला की त्यातल्या एकाला नाव असते, शून्य मात्र निनावी राहते. भारतीय हॉकीच्या इतिहासातील सर्वांत मौल्यवान अशी दोन शून्ये ज्यांनी राखली, ते गोलरक्षक शंकर लक्ष्मण. १९५६, १९६० आणि १९६४ अशा सलग तीन ऑलिंपिक स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत ते भारताच्या गोलखांबांमध्ये उभे होते. तिन्ही वेळा समोर पाकिस्तानचा संघ होता. प्रत्येक सामना ७० मिनिटांचा, म्हणजे तिन्ही मिळून २१० मिनिटे. या २१० मिनिटांत त्यांना चकवून चेंडू आत गेला तो फक्त एकदा.

जगातल्या कोणत्याही देशाने अशा खेळाडूचे नाव शाळकरी मुलांच्या ओठांवर ठेवले असते. आपल्याकडे ध्यानचंद यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, बलबीरसिंग यांचे बऱ्याच जणांना. शंकर लक्ष्मण म्हटल्यावर मात्र, कोण बरे हे, असा प्रश्न समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतो. ज्यांच्या छातीवर पद्मश्री आणि अर्जुन पुरस्काराची मोहोर उमटली होती, ज्यांनी देशाचे कर्णधारपद भूषविले, त्यांच्या वाट्याला हे विस्मरण का आले, याचा शोध त्यांच्या आयुष्यातूनच घ्यावा लागतो.

गोव्यातील वाचकाला हा माणूस परका वाटण्याचे कारण नाही. चोर्ला घाट चढून बेळगावात गेलेल्या प्रत्येक गोमंतकीयाने तिथल्या लष्करी छावणीचा परिसर कधी ना कधी पाहिलेला असतो. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. १७६८ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या पलटणीपासून या रेजिमेंटचा इतिहास सुरू होतो. आपल्या मुक्तिसंग्रामाशीही तिचा थेट संबंध आहे. सुरतेच्या दक्षिणेस समुद्रकाठी असलेले दमण डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले, ते याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने केलेल्या चढाईमुळे. शंकर लक्ष्मण हे या मराठा लाइट इन्फंट्रीचे सैनिक होते. त्यांची सारी हयात याच गणवेशात गेली आणि कॅप्टन या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले.

त्यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी माळव्यातील महू येथे झाला. इंदूरजवळचे महू ही इंग्रजांनी वसवलेली छावणी. मराठी माणसाला हे गाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते. सुभेदार रामजी लष्करी नोकरीनिमित्त तिथे होते. छावणीच्या गावात बिगुलाच्या आवाजाने सकाळ होते, संचलनाच्या मैदानावर दिवस चढतो आणि संध्याकाळी त्याच मैदानाच्या कडेला कोणता ना कोणता खेळ रंगतो. भारतीय हॉकीला महूने याआधीही एक मोठा खेळाडू दिला होता. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या हॉकी संघाचे नेतृत्व करणारे किशनलाल हे महूचेच.

शंकर लक्ष्मण यांचा पहिला खेळ मात्र हॉकी नव्हता, तो फुटबॉल होता. महूला लागून असलेल्या कोदरिया या आपल्या गावच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. गोव्यात ज्या वयात मुले भाताची कापणी आटोपलेल्या शेतात फुटबॉल खेळतात, त्याच वयात हा मुलगा माळव्याच्या काळ्या मातीत चेंडूमागे धावत होता. पुढे हॉकीत त्यांचे जे वैशिष्ट्य म्हणून ओळखले गेले, त्याची मुळे या मैदानात होती.

१९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, ते सैन्यात दाखल झाले. वय अवघे १४. बंदूक हाती देण्याचे ते वय नव्हे. त्यांची भरती झाली ती लष्कराच्या वाद्यवृंदात, बँडमध्ये. लष्करात मुलांना असे लहान वयात घेऊन वाद्य, शिस्त आणि शिक्षण देण्याची जुनी परंपरा होती. गरीब घरातल्या मुलासाठी ती दोन वेळच्या अन्नाची, कपड्यांची आणि पुढच्या नोकरीची हमी असे. त्या काळी सैन्याच्या प्रत्येक तुकडीत हॉकी खेळली जाई. एका काठीवर आणि एका चेंडूवर भागणारा तो खेळ होता. मैदान तर छावणीत असेच. बँडमधला हा मुलगा त्या मैदानावर पोहोचला आणि गोलखांबांमध्ये उभा राहिला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४८ मध्ये, किशनलाल यांच्या संघाने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर यजमान ब्रिटनला ४-० असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघात गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते: वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ आणि गोलरक्षक लिओ पिंटो. ज्या इंग्रजांचे राज्य वर्षभरापूर्वी संपले, त्यांच्याच राजधानीत तो विजय मिळाला होता. महूचा कर्णधार आणि गोव्याच्या रक्ताचा गोलरक्षक अशी ती जोडी होती. पिंटो यांनी राखलेली ती जागा आठ वर्षांनी महूच्याच दुसऱ्या मुलाकडे यायची होती.

त्या काळात गोलरक्षण म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकाला समजून घ्यावे लागेल. आज गोलरक्षक मैदानात उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, चेहऱ्यावर जाळी, छातीवर कवच आणि पायांवर जाड फोमचे पॅड असतात. लक्ष्मण यांच्या पिढीकडे यांतले बरेचसे नव्हते. क्रिकेटच्या पॅडसारखे पॅड, बुटांवर बांधायचे चामडी किकर, हातमोजे आणि हातात काठी, बस. चेहरा आणि छाती उघडीच. हॉकीचा चेंडू सुमारे १६० ग्रॅम वजनाचा, दगडासारखा कठीण. गोलखांबांमधले अंतर १२ फूट आणि आडव्या दांडीची उंची ७ फूट. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी सर्वांत ताकदवान फटका मारणारा खेळाडू समोरून चेंडू हाणत असे आणि उघड्या चेहऱ्याच्या गोलरक्षकाने पाठ न फिरवता पुढे यायचे असे. मैदान गवताचे. चेंडू कुठल्या उंचवट्यावर आपटून कोणत्या बाजूला उसळेल, याचा भरवसा नसे.

अशा परिस्थितीत गोलरक्षकाला तारणाऱ्या गोष्टी दोनच: नजर आणि पाय. लक्ष्मण यांच्याकडे दोन्ही होते. फुटबॉलने त्यांच्या पायांना जे शिकवले होते ते इथे उपयोगी पडले. चेंडू नुसता अडवून भागत नाही. अडवलेला चेंडू समोरच्याच्या काठीजवळ पडला तर दुसरा फटका येतोच. तो अडवता अडवताच दूर, मोकळ्या जागेकडे धाडावा लागतो. लक्ष्मण चेंडू पायाने इतक्या सफाईने परतवत की बचावफळीला पुन्हा रचना करायला अवधी मिळे. तुकडीच्या संघातून सेनादलाच्या संघात आणि तिथून भारतीय संघात असा त्यांचा प्रवास झाला. मेलबर्नला निघालेल्या ऑलिंपिक संघात त्यांचे नाव आले तेव्हा ते २३ वर्षांचे होते.

१९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी भारताकडे दोन गोलरक्षक होते. एक मद्रासचे रंगनाथन फ्रान्सिस, १९४८ आणि १९५२ च्या सुवर्णविजेत्या संघांतले अनुभवी खेळाडू. दुसरे हे नवखे सैनिक. कर्णधार बलबीरसिंग. गटातील सामन्यांत भारताने अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६ आणि सिंगापूरवर ६ गोल केले. या सामन्यांत गोलरक्षकाला फारसे काम नव्हते. खरी परीक्षा त्यानंतर आली. उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध भारताला एकच गोल करता आला, आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धही एकच. तो गोल रणधीरसिंग जेंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर केला.

पाकिस्तान पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. दहा वर्षांपूर्वी एकाच देशाचे असलेले हे खेळाडू एकमेकांचा खेळ नीट ओळखून होते. अशा सामन्यात एका गोलाची आघाडी ही अगदी तकलादू असते. एक चूक, एक घसरलेला पाय आणि सारे संपते. लक्ष्मण यांनी ती चूक होऊ दिली नाही. भारताने सलग सहावे सुवर्णपदक जिंकले आणि संपूर्ण स्पर्धेत आपल्यावर एकही गोल होऊ दिला नाही. पाच सामने, ३८ गोल केले, एकही स्वीकारला नाही, असा हा हिशेब आहे. त्यातील ३८ चे श्रेय वाटून घेणारे अनेक होते; अंतिम सामन्यातल्या शून्याचा मोठा वाटेकरी घरी परतून पुन्हा आपल्या पलटणीत हजर झाला.

१९५८ साली टोकियोत आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये हॉकीचा प्रथमच समावेश झाला. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. लक्ष्मण यांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी आपले काम चोख केले होते. पण गोलसरासरीच्या नियमाने सुवर्णपदक पाकिस्तानला मिळाले आणि भारताला रौप्यावर समाधान मानावे लागले. गोलरक्षकाच्या नशिबाचा हा विचित्र भाग आहे. तो आपल्या संघाला हरण्यापासून वाचवू शकतो, जिंकून देऊ शकत नाही.

मग आले रोम. १९६० चा संघ लेस्ली क्लॉडियस यांच्या नेतृत्वाखाली गेला. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघ एकही सामना हरलेला नव्हता. सहा सुवर्णपदकांचे ते ओझे प्रत्येक खेळाडूच्या खांद्यावर होते. डेन्मार्क, हॉलंड आणि न्यूझीलंड यांना हरवल्यावर उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियावर आणि उपांत्य सामन्यात ब्रिटनवर भारताने १-० असा निसटता विजय मिळवला. आक्रमणाची धार बोथट होत चालली होती आणि संघ अधिकाधिक आपल्या बचावावर विसंबत होता. ९ सप्टेंबर १९६० रोजी अंतिम सामना झाला. पूर्वार्धातच पाकिस्तानच्या नसीर अहमद यांनी गोल केला. पुढचा सारा वेळ भारताने बरोबरीसाठी धडपड केली. ती यशस्वी झाली नाही. ३२ वर्षांचे साम्राज्य त्या दिवशी संपले.

आपल्याकडे पराभवाचे खापर फोडायला माथा लागतो आणि सर्वांत जवळचा माथा गोलरक्षकाचा असतो. त्या स्पर्धेतील सहा सामन्यांत भारतावर एकूण दोनच गोल झाले, याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. त्याच्या आदल्या स्पर्धेत ३८ गोल करणाऱ्या भारताला रोमच्या शेवटच्या तीन सामन्यांत मिळून दोनच गोल करता आले होते, हेही कोणी मोजले नाही. आत गेलेला तो एक चेंडू मात्र सर्वांना दिसला. लक्ष्मण यांच्या कारकिर्दीतील २१० मिनिटांतले तेच एक मिनिट.

खेळाडूचे मोठेपण अशा वेळी कळते. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने भारताला पुन्हा हरवले आणि लक्ष्मण यांच्या संग्रहात आणखी एका रौप्यपदकाची भर पडली. पाकिस्तानविरुद्ध विजय मिळत नाही अशी भावना देशभर पसरली. संघात बदल झाले, जुने गेले, नवे आले. पण गोलखांबांमधली जागा लक्ष्मण यांच्याकडेच राहिली. टोकियो ऑलिंपिकसाठी संघ निघाला तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

१९६४ चे टोकियो ऑलिंपिक गोमंतकीयांसाठी एका कारणाने वेगळे आहे. मेलबर्न आणि रोमच्या वेळी गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. मुक्तीनंतर भारतीय नागरिक म्हणून आपण अनुभवलेले पहिले ऑलिंपिक ते हेच, आणि त्यात भारताला मिळालेले एकमेव सुवर्णपदक हॉकीचे. योगायोग असा की त्या काळात केनियाच्या हॉकी संघातही हिलरी फर्नांडिस, एडगर फर्नांडिस यांच्यासारखे गोमंतकीय घराण्यांतले खेळाडू होते. हॉकी ही तेव्हा आपलीही गोष्ट होती.

चरणजितसिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाची वाटचाल सोपी नव्हती. बेल्जियमला २-० असे हरवल्यावर जर्मनी आणि स्पेन यांच्याशी लागोपाठ दोन सामने १-१ असे बरोबरीत सुटले. मग हाँगकाँग, मलेशिया, कॅनडा आणि हॉलंड यांच्यावर विजय मिळवत संघ सावरला. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचा ३-१ असा पराभव झाला. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी तिसऱ्यांदा ऑलिंपिकचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात आला.

उत्तरार्धात पृथिपालसिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर मारलेला फटका पाकिस्तानच्या बचावपटूच्या पायाला लागला आणि पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला. मोहिंदर लाल यांनी त्यावर गोल केला. भारत १, पाकिस्तान ०. त्यानंतर जे झाले ते भारतीय हॉकीच्या जुन्या जाणकारांनी वर्षानुवर्षे सांगितले आहे. पाकिस्तानने सारे बळ एकवटून चढाया केल्या. पेनल्टी कॉर्नर मिळाले, अर्धवर्तुळात गर्दी झाली, फटक्यांमागून फटके आले. गोलखांबांमध्ये उभा असलेला मराठा पलटणीचा सैनिक त्या प्रत्येक फटक्याला सामोरा गेला. त्याचा त्या दिवशीचा खेळ पाहून परदेशी हॉकी नियतकालिकाने लिहिले ते असे, की हॉकीचा तो लहानसा चेंडू त्याला बहुधा फुटबॉलएवढा दिसत असावा. लिहिणाऱ्याला कोदरियाच्या फुटबॉल संघाची माहिती होती की नाही कोण जाणे. पण त्याची उपमा नेमक्या जागी लागली होती.

पंचांची शेवटची शिट्टी वाजली तेव्हा चार वर्षांपूर्वी रोममध्ये गेलेले सुवर्णपदक परत आले होते. तीन ऑलिंपिक मिळून भारताने २० सामने खेळले होते आणि आपल्यावर फक्त ७ गोल होऊ दिले होते. लक्ष्मण यांच्या नावावर आता दोन सुवर्ण आणि एक रौप्य अशी तीन ऑलिंपिक पदके होती. त्याच १९६४ सालासाठी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्यानंतर त्यांच्याकडे भारताचे कर्णधारपद आले. हॉकीत तोवर अशी रीत नव्हती. कर्णधार म्हणजे मैदानाच्या मध्यभागी उभा राहून खेळाला दिशा देणारा, अशी सर्वमान्य समजूत होती. गोलरक्षक तर एका टोकाला, सामन्याचा बराचसा वेळ एकटा असतो. आंतरराष्ट्रीय हॉकीत संघाचे नेतृत्व करणारा पहिला गोलरक्षक म्हणून शंकर लक्ष्मण यांची नोंद केली जाते. गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना यातले महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. ऐंशीच्या दशकात आपल्या ब्रह्मानंद संखवाळकर यांनी गोलखांबांमधूनच भारतीय फुटबॉल संघाचे नेतृत्व केले. पूर्ण मैदान समोर दिसते ते त्या एकाच खेळाडूला, आणि सहकाऱ्यांना सावध करणारा आवाज मागून येतो तोही त्याचाच.

१९६६ च्या डिसेंबरमध्ये बँकॉक येथे आशियाई स्पर्धा झाल्या. आधीच्या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक पाकिस्तानने नेले होते. लक्ष्मण यांच्या नेतृत्वाखालील भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असे हरवले आणि आशियाई स्पर्धेतील हॉकीचे आपले पहिले सुवर्णपदक जिंकले. पुन्हा तोच निकाल, पुन्हा तेच शून्य. या वेळी मात्र ते कर्णधाराचे होते. या विजयाची किंमत पुढे कळली. भारताला आशियाई स्पर्धेत हॉकीचे दुसरे सुवर्णपदक मिळायला ३२ वर्षे लागली. १९९८ साली ते मिळाले तेही बँकॉकमध्येच, आणि तेव्हा कर्णधार होते पुण्याच्या खडकीचे धनराज पिल्ले. १९६७ साली भारत सरकारने लक्ष्मण यांना पद्मश्री देऊन गौरवले.

इथे ही कथा संपली असती तर ती सुखान्त झाली असती. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी संघ निवडला गेला तेव्हा मात्र त्यात शंकर लक्ष्मण यांचे नाव नव्हते. दोन वर्षांपूर्वी आशियाई सुवर्णपदक जिंकून देणाऱ्या कर्णधाराला साधी संघातली जागाही मिळाली नाही. त्या संघात एकमत नव्हते, याचा पुरावा संघाच्या रचनेतच होता. पृथिपालसिंग आणि गुरबक्षसिंग अशा दोघांना संयुक्त कर्णधार नेमले गेले होते. भारत पहिल्याच सामन्यात न्यूझीलंडकडून हरला, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरला आणि कांस्यपदक घेऊन परतला. चाळीस वर्षांत प्रथमच भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नव्हता. लक्ष्मण असते तर वेगळे झाले असते असे म्हणण्यात अर्थ नाही. पण त्यांनी त्यानंतर काठी खाली ठेवली, ती कायमची.

खेळ सुटला तरी नोकरी होती. बँडमध्ये भरती झालेला तो मुलगा पायरी पायरीने वर चढत अधिकारी झाला आणि ३२ वर्षांच्या सेवेनंतर १९७९ साली मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त होऊन महूला परतला. त्या वर्षांत भारतीय हॉकीचे रूप पालटले होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून सामने कृत्रिम गवतावर होऊ लागले, आणि त्याच स्पर्धेत भारताला प्रथमच एकही पदक मिळाले नाही. १९८३ साली कपिलदेव यांच्या संघाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि देशाचे मन दुसऱ्या खेळात रमले. हॉकीचे जुने विजेते आपापल्या गावी, आपापल्या निवृत्तिवेतनावर राहू लागले. त्यांच्या घरी वार्ताहर येत ते एखाद्या ऑलिंपिकच्या तोंडावर.

अखेरच्या काळात लक्ष्मण यांच्या एका पायाला गँगरीन झाले. ज्या पायांनी पाकिस्तानच्या तीन पिढ्यांच्या आघाडीवीरांना रोखले, त्यांतलाच एक पाय निकामी होत गेला. देशाच्या या विजेत्याला आजारपणात हवे तसे लक्ष मिळाले नाही, ही खंत त्या दिवसांच्या बातम्यांतून उमटली. २९ एप्रिल २००६ रोजी महू येथेच त्यांचे निधन झाले. वय ७२. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी त्यांच्या पदकांची यादी छापली. त्या यादीने अनेक वाचकांना आपण किती मोठा माणूस गमावला हे पहिल्यांदाच कळले असेल.

या विस्मरणाची कारणे एकाच माणसाच्या नशिबात शोधून चालणार नाही. त्या काळचे सामने आपल्या लोकांनी पाहिले नाहीत, ते रेडिओवर ऐकले किंवा दुसऱ्या दिवशी वाचले. रेडिओवर गोल ऐकू येतो, अडवलेला चेंडू क्षणभरच ऐकू येतो. वृत्तपत्राच्या मथळ्यात जागा कमी असते; तिथे आम्ही बातमी लावणारेही गोल करणाऱ्याचेच नाव बसवतो. शिवाय ते सैनिक होते. आपल्या कामाचा गवगवा न करण्याची शिकवण त्यांना १४ व्या वर्षापासून मिळालेली होती. ते मुंबई, दिल्लीत राहिले नाहीत, प्रशिक्षक वा पदाधिकारी म्हणून चर्चेत राहिले नाहीत. छावणीच्या गावातून आले होते, तिथेच परतले.

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोतच भारत आणि जर्मनी यांच्यात कांस्यपदकाचा सामना रंगला होता. भारत ५-४ असा पुढे होता. शेवटची काही सेकंदे उरली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि केरळचे पी. आर. श्रीजेश यांनी तो फटका अडवला. ४१ वर्षांनी हॉकीत पदक आले. सामन्यानंतर गोलखांबावर चढून बसलेल्या श्रीजेश यांचे छायाचित्र सर्वत्र छापून आले. त्या वर्षी त्यांना खेलरत्न पुरस्कार मिळाला. पॅरिसमध्ये २०२४ साली दुसरे कांस्य जिंकून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा १६ क्रमांकाचा पोशाखही मानाने निवृत्त करण्यात आला. गोलरक्षकाची दखल घ्यायला देश शिकला, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्याच टोकियो शहरात ५७ वर्षांपूर्वी, शिरस्त्राणावाचून, उघड्या चेहऱ्याने एका गोलरक्षकाने अशाच आघाडीचे रक्षण केले होते आणि ते पदक सोन्याचे होते, ही आठवण त्या जल्लोषात फार थोड्यांनी काढली.

गोव्यात आज हॉकी मागे पडली असली तरी पेडे, म्हापसा येथील मैदानांवर मुले अजूनही काठी घेऊन उतरतात. कोणत्याही संघात एक मुलगा असा असतो, ज्याला कोणी विचारत नाही म्हणून तो गोलखांबांमध्ये उभा राहतो. त्या मुलाला त्याच्या प्रशिक्षकाने शंकर लक्ष्मण यांचे नाव सांगावे. मेलबर्न, रोम आणि टोकियो ही तीन शहरे सांगावीत, २१० मिनिटे आणि एक गोल हा हिशेब सांगावा. आणि पुढच्या वेळी चोर्ल्याच्या वाटेने बेळगावला गेल्यावर मराठा लाइट इन्फंट्रीची पाटी दिसली, तर या रेजिमेंटच्या बँडमधून आलेल्या एका मुलाने देशासाठी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके राखली, एवढे आपणही सोबतच्या मुलांना सांगायला हरकत नाही.